उपक्रमशील शिक्षक कसे शोधायचे आणि त्यांना काय द्यायचं: नव्या मुख्याध्यापकांसाठी

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पटनोंदणी, पुस्तकं, गणवेश, पोषण आहाराचा तांदूळ यात जुलै निघून जातो. मग झेंडावंदन, पोळा, तान्हा पोळा. आणि त्या गडबडीत पंचायत समितीतून फोन येतो, "मॅडम, आदर्श शिक्षकासाठी एक नाव पाठवा, उद्या बारापर्यंत." अशा वेळी नवा मुख्याध्यापक ज्याची फाइल तयार आहे त्याचं नाव देतो, नाहीतर ज्याची निवृत्ती जवळ आली आहे त्याचं.

मी दोन्ही केलं आहे. नागपूरहून तासाभराच्या अंतरावरच्या एका जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले, त्या पहिल्या वर्षी मी एक जाडजूड, सुंदर फाइल वर पाठवली. त्याच वर्षी माझ्या खोलीपासून दोन वर्ग पलीकडे एक सर पाचवीच्या मुलांना आठवडी बाजाराच्या हिशोबातून दशांश अपूर्णांक शिकवत होते. हे मला कळलं पुढच्या वर्षी, तेही एका मुलाच्या आईकडून. तोवर सरांची बदली झाली होती.

पुढच्या वर्षांत जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. नव्याने मुख्याध्यापक झालेल्यांसाठी तर आहेच, पण शाळा व्यवस्थापन समितीवर आलेल्या पालकांना आणि खासगी संस्थांच्या नव्या पदाधिकाऱ्यांनाही यातलं बरंच वापरता येईल.

पायरी 1: कोणाला शोधतोय ते ठरवा

आपल्याकडे तीन प्रकारच्या शिक्षकांना सरसकट "उपक्रमशील" म्हणतात. एक तंत्रस्नेही, म्हणजे ज्यांना प्रोजेक्टर, व्हिडिओ, ऑनलाइन चाचणी जमते. दुसरे शाळा सजवणारे, ज्यांच्यामुळे भिंती बोलक्या होतात. तिसरे स्नेहसंमेलन आणि प्रभातफेरी अंगावर घेणारे. तिघंही शाळेला हवेतच. पण मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची खूण वेगळी आहे. वर्गात काहीतरी अडलं, ते त्यांनी अचूक हेरलं, हाताशी होतं त्यातून एक उपाय केला, तो चालतो का ते पाहिलं आणि न चालला तर बदलला. यातला शेवटचा भाग सगळ्यात दुर्मीळ. उपक्रम सुरू करणारे बरेच भेटतात, तो मध्येच थांबवून दुरुस्त करणारे फार थोडे.

उद्यमशीलता हा यातला आणखी एक पदर. असा शिक्षक अनुदानाची वाट पाहत बसत नाही. गावच्या सुताराकडून लाकडाच्या उरलेल्या तुकड्यांचे घनाकृती ठोकळे करून घेतो. काटोल-नरखेडकडे असला तर संत्र्याच्या बागेत मुलांना नेऊन ओळी, झाडं आणि क्रेट यांच्यावर गुणाकार बांधतो. उमेद पदरची असते, पैसा मात्र बऱ्याचदा पगारातला जातो. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

पायरी 2: पाहायला जा

या कामावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. बाकीचं सगळं यावर उभं राहतं.

वर्गात जाताना हातात लॉगबुक, म्हणजे पाठ तपासणीची नोंदवही, नको. लॉगबुक दिसलं की शिक्षक पाठ "दाखवायला" लागतात आणि मुलं हाताची घडी घालून बसतात. मागच्या बाकावर पंधरा-वीस मिनिटं बसा आणि शिक्षकांपेक्षा मुलांकडे जास्त बघा. शेवटच्या ओळीतलं मूल बोलतं का? चुकीचं उत्तर आलं तर शिक्षक ते पुसून पुढे जातात, की "हे कसं आलं, सांग बरं" म्हणून थांबतात? मला विचाराल तर सगळ्या निरीक्षणांत हे एक सगळ्यात जास्त सांगून जातं. निघताना दोन-तीन वह्या चाळा. सगळ्या वह्यांत एकसारखीच वाक्यं असली तर फळ्यावरून उतरवलेली आहेत. वेगवेगळ्या चुका आणि वेगवेगळे शेरे असले तर त्या वर्गात काहीतरी चाललं आहे.

मुलांना "बाई आवडतात का?" असं विचारू नका. सगळी मुलं हो म्हणतात. "या आठवड्यात वर्गात काय केलं, मला करून दाखव," असं म्हणा. मूल उठून करून दाखवायला लागलं की समजा.

मग इतर शिक्षकांना विचारा, पण एकेकट्याला, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर नको. मी एकच प्रश्न विचारायचे, "तुम्हाला वर्गात अडलं तर तुम्ही कोणाला विचारता?" दहा जणांना विचारलं की एक-दोन नावं पुन्हा पुन्हा येतात. गंमत म्हणजे ती नावं बहुधा पुरस्काराच्या यादीत कधी आलेलीच नसतात.

पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनाही विचारा. जेवणाची घंटा झाल्यावर कोणता वर्ग उशिरा येतो, कोणत्या वर्गाची मुलं जेवतानाही त्याच गोष्टीवर बोलत असतात, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. आणि पालक. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. बऱ्याच शाळांत या समितीची बैठक म्हणजे चहा आणि सह्या. तिथेच विचारा, "तुमचं मूल घरी येऊन शाळेतलं काय सांगतं?" पाचवीच्या त्या सरांनी मुलांना लावलेल्या बाजाराच्या हिशोबाच्या वहीबद्दल मला असंच कळलं. त्या माउली म्हणाल्या, "सर गेले तेव्हापासून पोरगं हिशोबाची वही मांडतच नाही. आधी तर सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या पण लिहून ठेवून राहिला होता."

विज्ञान मेळावेही पाहण्यासारखे असतात. नागपुरात महापालिकेच्या शाळांमधली मुलं अपूर्व विज्ञान मेळाव्यात साध्या, घरगुती वस्तूंचे प्रयोग मांडतात. तिथे गेलात तर प्रयोग किती छान दिसतो ते सोडा. मुलाला मधेच आडवा प्रश्न विचारा. पाठ केलेलं मूल पहिल्यापासून पुन्हा सुरू करतं. समजलेलं मूल थांबतं, विचार करतं, कधी म्हणतं, "माहीत नाही, करून पाहू." त्या मुलाच्या शाळेचं नाव लिहून घ्या आणि त्याला कोणी शिकवलं ते शोधा.

पायरी 3: एका पानाची नोंद, आणि ती तुम्ही लिहायची

पुरस्काराच्या प्रस्तावाची पद्धत अशी आहे की ज्याला लिहिता येतं त्याला पुरस्कार मिळतो. वर्गात रमणाऱ्या शिक्षकाला बहुधा स्वतःबद्दल लिहिणं जमत नाही, काहींना ते प्रशस्तही वाटत नाही. म्हणून लिहिण्याचं काम मुख्याध्यापकाने आपल्याकडे घ्यावं. शिक्षकाबरोबर अर्धा तास बसा, चहा घ्या, ऐका आणि एक पान भरा. मी सहा गोष्टी लिहीत असे: अडचण काय होती, काय केलं, कोणत्या मुलांसाठी, काय बदललं, काय जमलं नाही, खर्च किती झाला आणि कोणी केला.

"काय जमलं नाही" हा रकाना रिकामा राहिला तर शिक्षकाबरोबर पुन्हा बसा. तो भरता येणं हीच उपक्रम खरोखर झाल्याची सगळ्यात चांगली खूण आहे.

"काय बदललं" लिहिताना टक्केवारीच्या नादी लागू नका. 18 मुलांच्या वर्गात दोन मुलांचं वाचन सुधारलं की आकडा 11 टक्क्यांनी वर जातो आणि दोन मुलं ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेली की तितकाच खाली येतो. त्यापेक्षा जुलैत कोणती मुलं परिच्छेद वाचत नव्हती आणि डिसेंबरात त्यातली कोणती वाचतात, हे नावानिशी शाळेच्या नोंदीत ठेवा. बाहेर पाठवायच्या कागदात मुलांची नावं नकोत, आणि फोटो पालकांना विचारूनच.

परीक्षेच्या गुणांशी बक्षीस बांधणं मला पटत नाही. एकदा गुणांवर बक्षीस ठरलं की कच्च्या मुलांचा वर्ग घ्यायला कोणी पुढे येत नाही. आणि आपल्याला हवे असलेले शिक्षक नेमके त्याच वर्गात असतात.

पायरी 4: काय द्यायचं

शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र यांना मी नावं ठेवत नाही. मान हा मानच असतो, आणि शिक्षकांना तो फार क्वचित मिळतो. पण तो देताना दोन गोष्टी पाळा. सत्कार मुलांसमोर आणि पालकांसमोर करा, शक्य असेल तर त्याच वर्गात. आणि बोलताना "समर्पित भावनेने अविरत ज्ञानदान" असलं काही बोलू नका. "या बाईंनी तिसरीच्या सात मुलांना वाचायला लावलं, आणि ते असं केलं," एवढं सांगा. ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहतं, आणि त्या बाईंनाही कळतं की कोणीतरी खरंच पाहिलं आहे.

आता शालीपेक्षा मोठ्या गोष्टी.

पहिली गोष्ट, वेळ. माझ्या शाळेत सगळ्यात कल्पक असलेल्या मॅडमना संगणक येत होता. झालं, यूडायसवर भरायची शाळेची माहिती, शालार्थवरची पगारबिलं, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारची जुळणी, सगळं त्यांच्याकडे. त्यात चूक त्यांना काम देणाऱ्या प्रत्येकाची होती आणि त्यात मी पहिली. दोन वर्षांत त्यांनी वर्गात नवीन काही करणं सोडून दिलं. चांगल्या कामाचं बक्षीस म्हणून आणखी काम देण्याची ही सवय शाळाशाळांत आहे, आणि ती मोडणं मुख्याध्यापकाच्या हातात आहे. ऑनलाइन कामाची पाळी लावा, प्रत्येकाला एक पोर्टल शिकवा. आठवड्याच्या वेळापत्रकात त्या शिक्षकाला दोन तासिका मोकळ्या द्या आणि त्या तासिकांना बदली शिक्षक म्हणून कुठेही पाठवू नका. बाहेरून अशैक्षणिक काम आलं तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 हाताशी ठेवा. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अन्य अशैक्षणिक कामाला लावता येत नाही, असं ते सांगतं. प्रत्यक्षात हे किती पाळलं जातं ते आपण सगळे जाणतोच. पण नम्रपणे लेखी विचारणा केली की निदान काही कामं मागे वळतात.

दुसरी गोष्ट, थोडे पैसे. पटसंख्येनुसार शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. त्यातून प्रत्येक शिक्षकाच्या प्रयोगासाठी दीड-दोन हजार रुपये बाजूला ठेवता येतात का ते व्यवस्थापन समितीत मांडा आणि तसा ठराव करून घ्या. खासगी अनुदानित शाळेत हीच गोष्ट संस्थेच्या सचिवांपुढे ठेवा. रक्कम लहान असू द्या, पण ती आगाऊ द्या. शिक्षकाने आधी खिशातून घालायचे आणि मग चार महिने बिलाच्या मागे फिरायचं, असं झालं तर पुढच्या वर्षी तो मागणारच नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे चुकण्याची मुभा, तीही लेखी. नवीन काही करताना पाठ्यक्रम दोन आठवडे मागे पडतो. विस्तार अधिकारी नेमके तेव्हा येतात. "हा प्रयोग माझ्या परवानगीने चालू आहे, अमुक तारखेपर्यंत," असं दोन ओळींचं पत्र शिक्षकाच्या हातात असू द्या. या कागदाने किती धीर येतो, ते मी पाहिलं आहे.

चौथी, नाव. उपक्रम पसरतो तेव्हा तो "आमच्या शाळेचा", मग "आमच्या केंद्राचा" होतो आणि करणाऱ्याचं नाव वाटेत गळतं. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मांडणी त्याच शिक्षकाला करू द्या. तुम्ही श्रोत्यांत बसा.

पाचवी, बघायला जाण्याची संधी. एक दिवसाची कर्तव्य रजा आणि बसभाडं एवढाच खर्च. नागपुरात रमण विज्ञान केंद्र आहे. सेवाग्राम पाऊण-शे किलोमीटरवर आहे. 1937 साली वर्ध्यात झालेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची गांधीजींची पद्धत, पुढे आली, आणि आज सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत मुलं शेती, स्वयंपाक, शिवणकाम यातून विषय शिकतात. माझ्या दोन शिक्षिका तिथून परत आल्या आणि आमच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातच त्यांनी वजन-मापांचे धडे सुरू केले. बसमधून उतरायच्या आधीच त्यांचं नियोजन झालं होतं.

रोख बक्षीस एकट्याला देऊ नका, असं माझं मत आहे. आठ-दहा जणांच्या स्टाफरूममध्ये एकालाच पाकीट मिळालं की उरलेले मदत करणं थांबवतात. द्यायचंच असेल तर वर्गासाठी द्या, वस्तूंच्या रूपात.

एक गोष्ट नव्या लोकांना कळलेली बरी. शिक्षकाला 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनी निवडश्रेणी मिळते, त्यासाठी सेवेची वर्षं आणि प्रशिक्षण पाहतात. वर्गात काय नवं केलं, याला त्यात रकाना नाही. म्हणून तुमचं सहीशिक्क्याचं, नेमक्या शब्दांतलं अभिनंदनपत्र शिक्षकाच्या वैयक्तिक नस्तीत लागणं याला मोल आहे. बदली झाली तरी ते त्याच्याबरोबर जातं.

शिक्षणसेवकांना, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर असलेल्या नव्या शिक्षकांना, यात विसरू नका. त्यांचं मानधन 2023 मध्ये वाढलं, तरी प्राथमिकला ते महिना 16,000 रुपयेच आहे. बाहेरच्या मोठ्या पुरस्कारांना सेवेच्या वर्षांची अट असते, त्यामुळे त्यांचं नाव तिकडे जाऊच शकत नाही. वर सांगितलेल्या पाचही गोष्टी मात्र त्यांना पहिल्या वर्षापासून देता येतात.

पायरी 5: बाहेरची दारं

एका पानाची नोंद वर्षभर ठेवली असेल तर हे काम सोपं होतं. राज्यात क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव पुरस्कार आहे, जिल्हा परिषदेचे जिल्हा पुरस्कार आहेत. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार 1958 पासून दिला जातो. 2018 पासून त्यासाठी शिक्षक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो, म्हणजे वरून नाव जाण्याची वाट पाहावी लागत नाही. प्रमाणपत्र, रौप्यपदक आणि 50,000 रुपये असं त्याचं स्वरूप आहे. खासगी शिकवणी घेणाऱ्या शिक्षकाला तिथे अर्ज करता येत नाही, हे आधीच तपासा.

पण नवोदित शिक्षकासाठी मी आधी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची नवोपक्रम स्पर्धा सुचवेन. तिचा आराखडा अडचण, उपाय, परिणाम असाच असतो, तुमचं पान जवळपास तसंच वापरता येतं. माहितीसाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आपल्या डाएटमध्ये जा. सहावीपासूनच्या मुलांच्या निवडलेल्या कल्पनांना केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक या विज्ञान योजनेत 10,000 रुपये मिळतात. पैसे मुलाच्या कल्पनेला असले तरी मार्गदर्शक शिक्षकाच्या मेहनतीची ती पावती असते. शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहण्याची सरकारी अनुदानातली प्रयोगशाळा, असेल तर तिची किल्ली कपाटात ठेवू नका, त्या शिक्षकाकडे द्या. 20 लाखांचं अनुदान मिळवून कुलूप लावून ठेवलेल्या खोल्या मी पाहिल्या आहेत.

रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळीकडे त्यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडची चर्चा झाली. मी आमच्या शिक्षकांना दुसऱ्याच दोन गोष्टी सांगत असे. एक, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत हे काम आधी कित्येक वर्षं चाललेलं होतं. दोन, 10 लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली.

आणि एक सावधगिरी. नोंदणी शुल्क, स्मृतिचिन्हाचे पैसे किंवा सोहळ्याच्या पासचे पैसे मागून "राष्ट्रीय" पुरस्कार वाटणारे बरेच आहेत. तरुण शिक्षक भुलतात. पैसे मागणाऱ्या पुरस्काराची नोंद शाळेच्या अहवालात घ्यायची नाही, असा नियम करून टाका.

नमुन्याचं पान

पाचवीच्या त्या सरांना मी नंतर त्यांच्या नव्या शाळेत जाऊन भेटले. त्यांच्याशी बोलून जे पान लिहिलं आणि त्यांच्या नस्तीसाठी पाठवलं, तेच नमुना म्हणून देते.

अडचण: आठवडी बाजाराच्या दिवशी पाचवीतली काही मुलं आईवडिलांच्या भाजीच्या दुकानावर बसतात. त्यातली निम्मी दुसऱ्या दिवशीही येत नाहीत. दशांश अपूर्णांक कोणालाच नीट येत नव्हते.

काय केलं: प्रत्येक मुलाला एक छोटी वही. बाजारात काय विकलं, पाव किलो, अर्धा किलो, सव्वा किलो, कोणत्या भावाने, ते लिहायचं. दुसऱ्या दिवशीचा गणिताचा तास त्याच वह्यांनी सुरू. पाव म्हणजे 0.25, तिथून पुढे.

कोणासाठी: पाचवीचा पूर्ण वर्ग.

काय बदललं: बाजाराच्या दिवसाची हजेरी वाढली नाही. दुसऱ्या दिवशी घरी राहणारी मुलं मात्र यायला लागली, कारण त्यांच्या वहीशिवाय तास सुरू होत नव्हता. सहामाहीपर्यंत दशांशाची बेरीज-वजाबाकी बहुतेकांना तोंडी येत होती.

काय जमलं नाही: ज्यांच्या घरी दुकान नाही ती मुलं दोन महिने नुसती बघत बसली. मग जोड्या लावल्या, एक दुकानवाला आणि एक गिऱ्हाईक. मुलींच्या वह्या कमी भरल्या, कारण बाजारात मुलगे बसतात आणि मुली घरी धाकट्यांना सांभाळतात. त्यावर उपाय सापडायच्या आत बदली झाली.

खर्च: वह्यांचे पैसे शिक्षकांनी दिले. शाळेने द्यायला हवे होते.